वहिनीचं शटर

माझ्या वहिनीने माऊसशी काडीमोड घेतला हे आमच्या ओळखीपाळखीत आता सगळ्यांना माहीत झालंय. दादाला मात्र अजून ते नीटसं कळलेलं नाही. त्याला सांगितलं होतं, पण तो ‘बघू’ म्हणाला. दादा सगळ्यालाच ‘बघू’ म्हणतो. वहिनीला पाहायला गेला तेव्हाही तो ‘बघू’च म्हणाला होता, आणि आमच्या आईने तोच होकार धरून पुढची बोलणी केली, म्हणून बरं.

घरात आम्ही तिघंच. मी दादाची धाकटी बहीण, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि पोटासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ‘ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक’ करत राहायचं हा धंदा असल्यामुळे माझा आवाज घोगरा झालाय आणि स्वभाव तापट. स्वभाव आधीपासूनच तसा होता असं वहिनी म्हणते. तिच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नका.

वहिनी काम करते अंध वाचकांच्या ग्रंथालयात. खाली पुस्तकांचं काउंटर, मागे कार्यालय, आणि जिना चढून वर गेलं की रेकॉर्डिंगची खोली. खोली कसली, मोठं कपाट म्हणा. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, छताला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला दोन झडपा. रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद. आमच्यासारखी हौशी माणसं आत बसून घाम पुसत पुस्तकं वाचतात, आणि खोलीतल्याच काचेच्या आडोशापलीकडे, संगणकाच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून वहिनी ऐकत असते. मी पण वाचते. मला तिने ओढून नेलं. ‘तुझा आवाज भांडायला चांगला आहे, खलनायकांना चालेल,’ असं म्हणाली होती.

वाचणारा वाचून घरी जातो, खरं काम त्यानंतर सुरू होतं. कुणी मध्येच खोकलेलं असतं, कुणी पाणी प्यायलेलं, कुणी चुकून तेच वाक्य तीनदा म्हटलेलं. एकाचा आवाज ढगात, दुसऱ्याचा विहिरीत. हे सगळं कापायचं, सारखं करायचं, प्रकरणाला नाव द्यायचं, आणि वाचकांना द्यायच्या मेमरी कार्डांवर भरायचं. वहिनी हे काम कान लावून करायची. प्रत्येक पुस्तकातला प्रत्येक शब्द तिने ऐकलेला असायचा. घरी भाजी चिरतानासुद्धा मध्येच थांबून ती म्हणायची, ‘त्या पंधराव्या प्रकरणात बाहेर कुत्रं भुंकलंय, उद्या काढते.’ मग आमच्याही डोक्यातून ते कुत्रं जायचं नाही.

हे सगळं माऊसने चालायचं. स्क्रीनवर आवाजाची लाट दिसते, तिचा नेमका तुकडा माऊसने धरून ओढायचा, मग मेनू, मग उपमेनू, मग ‘ठीक आहे’, मग वाट पाहा, मग परत ‘ठीक आहे’. एका प्रकरणाला किती क्लिक होत असतील कोण जाणे. वर्षानुवर्षं ती हे करत आली, आणि मग तिच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला.

सुरुवातीला तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला कळलं ते कपावरून. ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. थंडी नव्हती, काही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, ‘असंच, छान वाटतं.’ छान कसलं डोंबलाचं. मी तिला गाडीत घातलं आणि सरळ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. संधिवात निघाला. गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘दुखणं आटोक्यात राहील. पण ते दिवसभराचं टकटक आणि ओढाओढी बंद. नाहीतर हा अंगठा कायमचा रुसेल.’

परत येताना वहिनी गाडीत एक शब्द बोलली नाही. मी पण गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

ग्रंथालयात ही बातमी पोचली. तिथले चिटणीस वाईट माणूस नाहीत हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. त्यांनी वहिनीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीने सांगितलं, ‘तुम्ही खाली काउंटरवर या. बसून काम, हाताला ताण नाही. रेकॉर्डिंगसाठी एक बाहेरची कंपनी आलीय. त्यांचं यंत्रच वाचतं. पुस्तक द्यायचं, दुसऱ्या दिवशी बोलकं होऊन परत. वार्षिक सभेत ठरवून टाकू.’ म्हणजे खोली बंद. वाचणाऱ्यांना नमस्कार, आणि वहिनीला काउंटर.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘मला काउंटरवर बसायचं नाही गं. मी तिथे कुणाचं काय ऐकू?’ एवढंच. पण मला माहीत होतं, ती खोली गेली तर ही बाई घरात असून नसल्यासारखी होणार. मी म्हटलं, चिटणिसांशी मी भांडते. तर म्हणे, ‘वन्सं, तुम्ही मध्ये पडू नका.’ एरवी ती मला अगं-तुगं करते. ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ निघालं की समजायचं, आता एक पाऊल मागे घेतलेलं बरं.

तिला वाट दाखवली ती गुरुवारवाल्यांनी. हे गृहस्थ दर गुरुवारी ग्रंथालयातले संगणक बघायला येतात, म्हणून त्यांचं हे नाव. त्यांना दुसरं नाव आहे की नाही कुणाला ठाऊक. ग्रंथालयातली यंत्रं जुनी झाली तेव्हा ती भंगारात जाऊ नयेत म्हणून सगळ्यांवर लिनक्स नावाची फुकटात मिळणारी प्रणाली यांनीच चढवली होती. माणूस एकदम शांत. संगणक बंद पडो, वीज जावो, त्यांच्या कपाळावर आठी म्हणून दिसायची नाही. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, ‘यात सगळं बदलता येतं, फक्त धीर पाहिजे.’ मला असली शांत माणसं बघितली की चीड येते.

वहिनीने त्यांना आपला अंगठा दाखवला. त्यांनी माऊस घेतला, मेनूच्या पोटातून कुठूनतरी एक काळी खिडकी काढली आणि तिच्यात एक ओळ टाइप केली. एन्टर मारलं. अख्ख्या पुस्तकाची सगळी प्रकरणं एकापाठोपाठ एका पातळीच्या आवाजात आली. वहिनीने लाटेला हात लावला नाही, ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, काही नाही. ‘याला टर्मिनल म्हणतात,’ गुरुवारवाले म्हणाले. ‘इथे बोट दाखवायचं नसतं, सांगायचं असतं.’

घरी येऊन तिने हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मी विचारलं, ‘मग घोडं कुठे अडलंय?’

घोडं दारातच अडलं होतं. ती खिडकी उघडायला मेनूवर क्लिक, मग खाली सरकून क्लिक, मग आणखी एक क्लिक. दिवसातून कितीदा तरी ती उघडायची, बाजूला सारायची, इतर खिडक्यांच्या गर्दीतून परत शोधायची. माऊस सुटावा म्हणून जिथे जायचं तिथे माऊसवर बसूनच जावं लागत होतं. गुरुवारवाल्यांनी सांगितलं की तीन बटणं एकदम दाबली की टर्मिनल येतं. पण ती तीन बटणं अशी पसरलेली की पंजा फाकवावा लागतो, आणि पंजा फाकवणं हेच तर डॉक्टरीणबाईंनी मना केलेलं. दोन दिवस तिने ती कसरत केली आणि तिसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ मला मळावं लागलं. ते कसं झालं हे दादा अजून सांगतो.

आता मी संगणकातली कुणी नाही. पण मला एक गोष्ट कळते. माझ्याकडे नवीन माणूस शिकायला आला की मी त्याला किल्ली देत नाही. आधी सीट पुढेमागे करायला लावते, पाठ टेकवायला लावते, मग आरसे. बुटकी बाई उंच माणसाच्या सीटवर बसून गाडी चालवायला गेली तर ती क्लचला पाय पोचवण्यातच दमते, आणि वर स्वतःलाच दोष देत बसते की मला जमत नाही. मी वहिनीला म्हटलं, ‘तू कुणा दुसऱ्याच्या मापाच्या सीटवर बसलीयस. गुरुवारवाल्यांना म्हणावं, सीट सरकवा.’

पुढच्या गुरुवारी ती बरोबर मागणीच घेऊन गेली. एका बोटावर आलं पाहिजे. डाव्या हाताच्या बोटावर. कामाच्या वर यावं आणि काम झालं की निघून जावं, शोधाशोध नको. आणि अक्षरं मोठी.

गुरुवारवाल्यांनी तिला वरून खाली उतरणारं टर्मिनल बसवून दिलं. बटण दाबलं की स्क्रीनच्या वरच्या कडेवरून ते अर्ध्यापर्यंत खाली येतं, परत दाबलं की वर जातं. दुकानाचं शटर असतं ना, तसंच. वहिनी त्याला पहिल्या दिवसापासून शटरच म्हणते. खाली चाललेलं काम जागच्या जागी राहतं. नेहमी त्याला वरच्या ओळीतलं उजव्या टोकाचं बटण असतं म्हणे, पण ते हिच्या दुखऱ्या हाताच्या बाजूला. म्हणून तिने डावीकडचं, अगदी वरच्या कोपऱ्यातल्या बटणाच्या खालचं निवडलं. त्या बटणावर काय चिन्ह आहे हे तिला तोवर माहीतही नव्हतं, इतकं ते कधी लागलं नव्हतं. बोट दुखलं तर ते मुठीने दाबता येतं, आणि दोन्ही हात गुंतले असले तर कोपरानेसुद्धा. मी स्वतः पाहिलंय.

मग तिला चेव आला. संगणक चालू झाला की शटर आपोआप तयार हवं, झालं. डेस्कटॉपवर पसरलेली ती सगळी चित्रं नकोत, काढली. काळा रंग तिला आवडेना. ‘अंधारात हात घातल्यासारखं वाटतं,’ म्हणाली, आणि जुन्या कागदासारखा रंग निवडून त्यावर गडद अक्षरं घेतली. गुरुवारवाल्यांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी दिसली ती त्या दिवशी. ‘टर्मिनल… फिकट?’ असं ते दोनदा म्हणाले. वहिनी म्हणाली, ‘तुम्हीच म्हणाला होता, सगळं बदलता येतं.’ त्यावर ते चहा प्यायला खाली गेले.

लांबलचक ओळी रोज टाइप करणंही हाताला बरं नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळीला तिने लहानसं टोपणनाव दिलं. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द घरातले. ‘झाड’ म्हटलं की खरखर आणि कचरा निघायचा, ‘सारखं’ म्हटलं की आवाज एका पातळीवर, ‘भर’ म्हटलं की मेमरी कार्डावर रवानगी. डाव्या हाताने शटर ओढायचं, ‘झाड’ लिहायचं, एन्टर, शटर वर. माऊस तिने टेबलाच्या खणात टाकला. दोनेक महिन्यांत तिचं काम आधीपेक्षा पुढे गेलं. संध्याकाळी घरी आली की ती कप एका हाताने उचलायची, डाव्या का होईना.

मी इथेच थांबले असते तर गोष्ट फार गोड झाली असती. पण वहिनीही माणूसच आहे.

सगळ्यात किचकट काम असायचं ते मधल्या रिकाम्या जागा काढण्याचं. वाचणारे पान उलटतात, चष्मा पुसतात, ओळ हरवली की शोधतात. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तर मी पुस्तकातल्या माणसांशी भांडते ते पण असतं. गुरुवारवाल्यांनी दाखवलं की ठरावीक वेळेपेक्षा लांब शांतता असेल तर ती आपोआप कापता येते. वहिनीने ते ‘झाड’मध्येच घालून टाकलं. माझ्या पुस्तकावर चालवून बघितलं, झकास. मी आयुष्यात इतकी मुद्देसूद कधी वाटले नव्हते. सभा जवळ आली होती, चिटणिसांना तयार पुस्तकांची रास दाखवायची होती. तिने ‘झाड’ सगळ्याच पुस्तकांवर फिरवलं आणि कार्डं वाटून टाकली. ऐकलं नाही. सगळा जन्म ऐकण्यात घालवलेल्या बाईने नेमकं तेवढं ऐकलं नाही.

आमच्यात वाचायला एक स्वल्पविराम आजोबा येतात. त्यांचं वाचन म्हणजे थांबण्याची कला. रहस्यकथा असावी, जिन्यावर पावलं वाजत असावीत, आणि दार उघडायच्या आधी आजोबांनी असं थांबावं की ऐकणाऱ्याने उशी छातीशी धरावी. ग्रंथालयात सगळ्यात जास्त मागणी त्यांच्याच पुस्तकांना असते. तर ‘झाड’ने आजोबांनाही झाडलं होतं.

मला हे कळलं सभेच्या दिवशी, गाडीत. ग्रंथालयाचे अध्यक्ष स्वतः अंध आहेत. गाणं शिकवण्यात आयुष्य गेलं, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. सभेला त्यांना घरून आणायचं काम माझ्याकडे असतं. माझ्या शेजारी बसून ते इंजिनाच्या आवाजावरून मला गिअर बदलायला सांगतात, आणि मी तेवढ्या एकाच माणसाचं ऐकून घेते. त्या दिवशी मात्र ते गप्प होते. अर्ध्या वाटेवर म्हणाले, ‘आजोबांचं नवं पुस्तक ऐकलं. तुमच्या वहिनीने त्यांच्या जागी यंत्र बसवलं की काय?’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘पावलं वाजली, दार उघडलं, खून झाला, पोलीस आले. सगळं एका दमात. त्या माणसाला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही हो.’

माझाच पाय उगाच ब्रेकवर गेला. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली तरी माझं असं होत नाही. पोचल्या पोचल्या मी मास्तरांना खुर्चीवर बसवलं आणि धावत वर गेले. वहिनी कार्डांची पेटी घेऊन निघतच होती. मी सांगितलं. तिने पेटी खाली ठेवली, हेडफोन लावला, ते प्रकरण काढलं आणि ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला. ‘मी आजोबांचं काय करून ठेवलं हे,’ ती म्हणाली. मी म्हटलं, सभेत बोलू नकोस, उद्या गुपचूप दुरुस्त करू. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘वन्सं, तुम्ही चला खाली.’

सभेत चिटणिसांनी आधी कंपनीचा नमुना ऐकवला. यंत्राचा आवाज गुळगुळीत, न अडखळणारा, न दमणारा. मग ते वहिनीकडे वळले, आणि तिने कुणी विचारायच्या आधीच उभं राहून सांगितलं की आजोबांचं पुस्तक तिच्या हातून बिघडलंय. कसं बिघडलं तेही सांगितलं. आजोबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली. वहिनी त्यांच्याकडे वळून म्हणाली, ‘चूक माझी आहे. मी ऐकलं नाही.’

मग चिटणिसांनी जे विचारलं ते चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. ‘बाई, मला सांगा, माणसाने वाचलेलंही शेवटी असंच होणार असेल, तर मग खोली कशासाठी ठेवायची?’

माझ्या जिभेवर चार-पाच उत्तरं आली होती, पण ती सभेत देण्यासारखी नव्हती.

वहिनी म्हणाली, ‘सगळ्यांनी वर येता का? मूळ रेकॉर्डिंग मी कधी पुसत नाही. तुमच्यासमोरच करते. नाही पटलं तर मी उद्यापासून काउंटरवर बसेन.’

मला वाटलं, ही असं कशाला बोलली. पण बोलून गेली होती.

त्या कपाटाएवढ्या खोलीत आम्ही कसे मावलो ते विचारू नका. मास्तर वहिनीच्या शेजारच्या स्टुलावर, आजोबा दारात, चिटणीस गालिच्याला चिकटलेले, बाकीचे जिन्यावर. वहिनीने डाव्या हाताच्या बोटाने ते बटण दाबलं. शटर खाली आलं. ‘झाड’मागची लांबलचक ओळ तिने समोर आणली आणि तिच्यातला शांतता कापण्याचा भाग पुसून टाकला. एन्टर मारायच्या आधी ती थांबली आणि मास्तरांकडे वळली.

‘मास्तर, दार उघडायच्या आधी आजोबा थांबतात, त्यात पान उलटल्याची खसखस आहे. ती काढू की राहू दे?’

मास्तर गोंधळले. ‘मला विचारताय?’

‘तुम्ही ऐकणार आहात ना. तुम्हीच सांगा. कुठे कापू?’

तिने मूळ तुकडा लावला. मास्तरांनी मान तिरकी केली. परत लावायला सांगितला. मग बोट वर केलं, ‘खसखस काढा. पण तिच्यानंतर ते हलकेच श्वास घेतात, तो ठेवा. तो घेतला नाही तर दार उघडणारच नाही.’

वहिनीने ओळीत दोन आकडे घातले. कुठपासून कुठपर्यंत, तेवढंच. एन्टर मारलं आणि शटर वर गेलं. मग आम्ही ऐकलं. पावलं जिना चढून आली. आजोबा थांबले. त्या खोलीत, जिन्यावर, कुणी हललं नाही. चिटणीस हातातला रुमाल तसाच कपाळापाशी धरून उभे होते. एक हलका श्वास आला, आणि दार उघडलं.

दारातून आजोबा म्हणाले, ‘हां. हे माझं आहे.’

लोक बोलायला लागले, चिटणीस पण हसले. मास्तरांचं मात्र लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी टेबलावर हात फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘बाई, तुम्ही पूर्वी काम करायचात तेव्हा इथे सारखी टिकटिक असायची. आज एकदाही झाली नाही. माऊस कुठे गेला?’

‘खणात आहे. आता लागत नाही.’

‘मग ती लाट बघून कापता ना तुम्ही?’

‘नाही मास्तर. ओळ लिहिते. काय करायचं ते सांगते आणि ऐकते.’

मास्तर म्हणाले, ‘म्हणजे याला डोळे लागत नाहीत.’

खरं सांगते, हे वहिनीच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिने ते शटर तिच्या अंगठ्यासाठी बसवलं होतं. खाली वाचनालयात अंध वाचक संगणक वापरतातच, स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. पत्रं लिहितात, बातम्या ऐकतात. पण रेकॉर्डिंगची खोली म्हणजे लाट बघायची आणि माऊसने ओढायची जागा, म्हणून त्या जिन्याची पायरी कामासाठी त्यांच्यापैकी कुणी कधी चढलं नव्हतं. ज्यांच्यासाठी पुस्तकं बोलकी करायची, ते सगळे इतकी वर्षं खाली थांबून होते.

मास्तरांनी अध्यक्षाचा आवाज काढला. ‘चिटणीस, कंपनीचा विषय काढून टाका. खोली राहील, बाई राहतील. आणि इथे आणखी एक खुर्ची आणि ते बोलणारं सॉफ्टवेअर पाहिजे.’ मग लगेच आवाज खाली आणून वहिनीला म्हणाले, ‘ते बटण कुठे आहे? माझा हात धरून दाखवा बरं.’

आता मास्तर आठवड्यातून बऱ्याच दुपारी वर बसतात. खालच्या दोन वाचकांनाही वहिनीने शिकवायला घेतलंय. तिचा अंगठा सुधारलेला नाही, आणि एखाद्या दिवशी टाइप करणंही कठीण जातं. मग ती फक्त ऐकते आणि मास्तर टाइप करतात. मास्तर चुकले की संगणक त्यांना सपाट आवाजात सांगतो की अशी काही आज्ञा नाही, आणि मास्तर त्याला गाण्याच्या वर्गातल्या पोराला रागवावं तसं रागवतात. गुरुवारवाले त्यांनाही धीर धरायला सांगतात.

सभा संपल्यावर त्या दिवशी मी मास्तरांना घरी सोडायला निघाले तेव्हाही ते गप्पच होते. मी मुद्दाम गिअर उशिरा बदलला, तरी बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘मी किती पुस्तकं ऐकली असतील, गणती नाही. लोक प्रेमाने आणून देतात आणि विचारतात, आवडलं का मास्तर. मी हो म्हणतो. आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, कुठे कापू.’

पुढे सिग्नल हिरवा होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते, पण मला समोरचं काही दिसेना. मी गाडी बाजूला घेऊन उभी केली.

‘काय झालं?’ मास्तरांनी विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘जरा थांबू या.’